उकिडवं बसता येणारा पाय

मला मिळालेला पहिला कृत्रिम पाय दिसायला देखणा होता. गव्हाळ रंगाचा, गुळगुळीत, त्यावर काळा बूट. बूट काढला की त्या पायाचा काही उपयोग नाही, हे मात्र दुकानात कुणी सांगितलं नाही.

मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तालुक्याची मीटिंग उरकून नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसून येत असताना ट्रकने कट मारला आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. अपघाताबद्दल याहून जास्त लिहीत नाही. भेटेल तो तेवढंच विचारतो, आणि त्यात सांगण्यासारखं खरं तर काही नसतं. सांगण्यासारखं सगळं नंतर सुरू होतं.

गुडघा वाचला म्हणून नशीब, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता पटतं. गुडघा आपला असला की चालायला लागणारी ताकद निम्म्याने वाचल्यासारखी वाटते. तो टिकवायला मात्र कष्ट पडतात. राहिलेल्या भागाला सगळे ‘स्टंप’ म्हणतात, मीही तेच म्हणते. त्याला रोज क्रेप बँडेज आठाच्या आकड्यासारखं तिरकं गुंडाळायचं, खाली घट्ट आणि वर सैल, म्हणजे सूज उतरते आणि पुढे पायात बसेल असा आकार येतो. सासूबाई मायेने गुडघ्याखाली उशी सरकवायच्या आणि फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या की ती काढून टाकायच्या. उशीवर गुडघा सतत वाकलेला राहिला तर तसाच आखडतो आणि मग कुठलाच पाय नीट बसत नाही. दोघींचं यावरून चांगलंच वाजलं. नसलेल्या करंगळीला खाज सुटायची ती वेगळीच. ती अजूनही कधीतरी सुटते.

जखम पूर्ण भरल्यावर शहरातल्या एका दुकानातून पाय करून आणला. पैसे बरेच गेले, त्यात माहेरचेही होते. दुकानातल्या फरशीवर बूट घालून मी बऱ्यापैकी चालले. घरी आले, उंबऱ्याबाहेर बूट काढला आणि उभी राहिले तर तोल मागे जायला लागला. कारण साधं होतं. बुटाला टाच असते, आणि त्या टाचेच्या उंचीचा हिशेब धरून आतलं पाऊल बनवलेलं असतं. बूट काढला की तेवढी उंची वजा होते, नडगी मागे कलते आणि गुडघ्यावर उलटा ताण येतो. म्हणजे घरात चालायचं तर बूट घालूनच. आमच्याकडे बूट घालून स्वयंपाकघरात कोण येतं? देवघरापुढे कोण उभं राहतं?

त्या पावलात आत लाकडी ठोकळा असतो, टाचेला मऊ रबराची चकती, आणि घोटा पक्का. १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ही रचना आहे. जगभर लाखो लोक तिच्यावर चालतात, त्यामुळे तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. खुर्ची, बूट आणि सपाट रस्ता हे ज्यांचं रोजचं आहे त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. पण घोटा वाकत नाही म्हटल्यावर उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं बसता येत नाही म्हटल्यावर माझा दिवस सुरूच होत नाही. संडास भारतीय पद्धतीचा. अंघोळ मोरीत. भाकरी चुलीपुढे. अंगणवाडीत तर सगळा कारभार सतरंजीवर: मुलांना भरवायचं, वजनं घ्यायची, उंची मोजताना टाच भिंतीला लागली की नाही हे खाली वाकून बघायचं. तीन वर्षांच्या मुलाशी खुर्चीत बसून बोललं तर तो आपल्याशी बोलतच नाही.

मी दुकानात परत गेले. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, कमोड बसवून घ्या, ओटा करून घ्या, शाळेत खुर्ची मागून घ्या. सल्ला वाईट नव्हता, पैसे असते तर त्यातलं निम्मं केलंही असतं. पण म्हणजे एका पायासाठी घर बदलायचं, अंगणवाडी बदलायची, पंढरपूरला जाणं सोडायचं. पाय तेवढा बदलायचा नाही! माप घेताना त्या माणसाने स्टंपचा घेर अगदी मिलिमीटरपर्यंत मोजला होता. मी दिवसभर काय करते हे मात्र विचारलं नव्हतं.

तो पाय कपाटामागे गेला आणि मी कुबड्यांवर आले. जयपूरचं नाव तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरांनी सुचवलं. आपल्याकडे तिथला पाय बसवायची शिबिरं होतात, पण त्यांची तारीख कळेपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. धाकटे दीर बरोबर यायला तयार झाले. ते ठिबक आणि स्प्रिंकलरची फिटिंगं करतात, आमच्याकडच्या निम्म्या डाळिंबाच्या बागांत त्यांनी खोदलेले चर सापडतील. मुंबईहून रेल्वे धरली. भाऊजींचं हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी ‘है’ लावायचं, पण जयपूरपर्यंत त्यानेच निभावलं.

जयपूर फूट बसवून देणाऱ्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या आवारात पोचलो तेव्हा मी सगळी कागदपत्रं पिशवीतून काढून हातात धरली होती. सरकारी कामाची सवय. रेशनकार्ड, आधार, अपंगत्वाचा दाखला, सगळं जोडपत्रासकट. पण तिथे आल्या आल्या नोंदणी होते, पैसे घेत नाहीत, लांबून आलेल्यांची आणि सोबतच्या माणसाची राहायची-जेवायची सोय होते, आणि पाय घालूनच माणसाला घरी पाठवायचं अशी पद्धत आहे. हेही कुणीतरी विचार करूनच ठरवलं असणार. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलं तर तो परत येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पाय चांगला बनवणं एक, आणि तो मिळवण्याची वाट चालता येण्यासारखी करणं दुसरं. माझ्या लेखी दोन्हीची किंमत सारखीच.

माप घेणाऱ्या कारागिराने पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? मी सांगितलं. मग त्याने स्वतःची पँट वर करून दाखवली. त्याचाही एक पाय तिथलाच होता. मी सांगितलेलं सगळं त्याला आधीच माहीत असणार, तरी त्याने विचारलं.

मग स्टंपवर ओला पातळ मोजा चढवला आणि त्यावर पेन्सिलने खुणा केल्या: गुडघ्याची वाटी, वाटीखालची शीर (रक्ताची नव्हे, हाडाला स्नायू बांधणारी), नडगीची धार, बाहेरच्या बाजूचं हाडाचं टोक. या खुणा प्लास्टरवर उमटतात. गुडघा किंचित वाकवून ठेवायला सांगितला, प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून गुंडाळल्या, आणि त्या घट्ट होत असताना वाटीच्या खाली दोन्ही अंगठे दाबून धरले. तिथे खळगे पडले. मला वाटत होतं की वजन स्टंपच्या टोकावर येतं, आणि म्हणूनच मी घाबरत होते. प्रत्यक्षात बरंचसं वजन त्या खळग्यांवर, म्हणजे वाटीखालच्या जाड शिरेवर घेतात. ती दाब सोसू शकते.

प्लास्टर उतरवलं, त्यात पुन्हा प्लास्टर ओतून माझ्या स्टंपचा पांढरा पुतळा तयार झाला. मग कारागीर तो कानशीने घासायला बसला. जिथे दाब घ्यायचा तिथे पुतळा घासून बारीक करतात, म्हणजे सॉकेट, स्टंप ज्यात बसतो ते कवच, तिथे आवळून बसतं. जिथे हाड वर आहे तिथे उलट प्लास्टरचा थर चढवतात, म्हणजे तिथे जागा सुटते. तो घासायचा, डोळे मिटून बोट फिरवायचा, परत घासायचा. मध्येच येऊन माझा स्टंप दाबून बघायचा, ‘इथे दुखतं?’ विचारायचा. स्टंप कसा आहे याचा पुतळा कुणीही काढेल. तो कसा असला म्हणजे दुखणार नाही, हे त्याची बोटं ठरवत होती.

नंतर भट्टीतून एक नळीचा तुकडा निघाला, तापून लिबलिबीत झालेला. दोघांनी मिळून तो पुतळ्यावर ओढला. भाऊजी ताडकन उभे राहिले. “वहिनी, ही तर आपली पाईप!” खरंच, पाणी खेळवायला वापरतात तीच एचडीपीई प्लास्टिकची पाईप, फक्त रंग कातडीचा. त्यांना तिची जाडी किती, ती किती तापवली की वाकते, थंड झाल्यावर किती आक्रसते, सगळं तोंडपाठ. मग त्यांचं आणि कारागिराचं असं काही जमलं की मी बाजूलाच पडले. पूर्वी हा भाग ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत. पाईप हलकी पडते, गंजत नाही, आणि चुकली तर परत तापवून दुरुस्त करता येते. सॉकेटच्या आत मऊ रबराचं अस्तर असतं.

आणि पाऊल. तेच खरं जयपूर फूट. मी आत काय आहे म्हणून विचारलं तर त्याने मधोमध कापलेलं एक पाऊल दाखवलं. घोट्याच्या जागी लाकडी ठोकळा, त्यात बोल्ट. टाचेला आणि पुढच्या भागाला स्पंजासारख्या रबराचे ठोकळे, एकमेकांना न जोडलेले. त्याभोवती टायरमध्ये असतो तसला दोरा आणि रबराचे थर, बाहेरून कातडीच्या रंगाचं रबर, आणि हे सगळं साच्यात घालून उष्णतेने एकजीव केलेलं. टाचेपासून चवड्यापर्यंत जाणारी आडवी पट्टी कुठेच नाही. त्यामुळे पाऊल वर वाकतं, बाजूला कलतं, थोडं पिळतंही. मांडी घालताना पाऊल पिळावं लागतं आणि नांगरट झालेल्या रानात ते बाजूला कलावं लागतं, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन पाय असताना कोण बघतं!

१९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात हे पाऊल तयार झालं. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, ही त्यामागची मुख्य जोडी. पाय दिलेले रोगी पुन्हा कुबड्यांवरच येतात हे सेठींना दिसत होतं. त्या काळी अशा रोग्याला ‘सवय झाली नाही’ म्हणून सोडून द्यायची पद्धत होती. त्यांनी दोष पायात शोधला: हे लोक अनवाणी चालतात, चिखलात उभे राहतात, जमिनीवर बसतात, आणि आपण त्यांना बुटातला पाय देतो. मास्टरजी मूर्तिकामातले. सायकलच्या दुकानात ट्रकचं टायर रिट्रेड होताना, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढताना पाहून त्यांना रबराची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. परदेशात शिकून आलेला सर्जन आणि फारशी शाळा न पाहिलेला कारागीर एकाच टेबलाशी बसले, ही मला त्या रबराइतकीच मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे साहेब आराखडा काढतो आणि मिस्त्री तो मुकाट्याने बांधतो.

सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पावलाचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ते कुणालाही बनवता आलं. पण लोकांपर्यंत ते पोचलं ते १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी ही समिती काढल्यानंतर. मेहता सनदी अधिकारी, स्वतः एका मोठ्या अपघातात पाय जाता जाता वाचलेले. तोवर जयपूर फूट होतं, पण बसवलेले पाय अगदीच थोडे होते. त्याआधीची सात वर्षं ते तयार असूनही बहुतेक रोग्यांच्या कामाचं नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

पाय जोडून झाल्यावर दोन दांड्यांच्या मधून चालवून बघतात. कारागीर समोर बसून फक्त गुडघ्याकडे बघत होता. गुडघा बाहेर फेकला जातोय म्हणून पाय काढून पाऊल घोट्यापाशी थोडं बाहेर घेतलं. परत चाल. मग स्टंप उघडा करून लाली कुठे आली ते बघितलं. वाटीखाली लाल झालं तर चालतं. हाडाच्या टोकावर लाल झालं तर नाही. तिथे पाईप गरम करून आतून जरा फुगवली. त्यानंतर तो म्हणाला, बसा. मी खुर्ची शोधायला लागले. तो म्हणाला, खाली.

मी दांड्याला धरून उकिडवी बसले. घोटा वाकला. गुडघ्यामागे मात्र सॉकेटची कड मांसात रुतली, आणि मी ओरडले. त्याला तेच हवं होतं. तसंच बसवून ठेवून त्याने कडेवर पेन्सिलने रेघ मारली, पाय काढून तेवढा भाग कापला, कड गोल घासली. परत बसा. अशी ती रेघ थोडी थोडी खाली सरकत गेली. फार खाली गेली असती तर सॉकेट मागून ढिलं पडलं असतं, म्हणून तो बेताने कापत होता. दुकानातल्या पायाच्या वेळी मला एकदाही कुणी बसून दाखवायला सांगितलं नव्हतं. उभं राहा आणि चाला, झालं.

तिथे नव्या पायावर पळून दाखवणारे, झाडावर चढून दाखवणारे लोक भेटतात. पाहुणे आले की त्याचं फार कौतुक होतं. मला त्यात रस नाही. मला झाडावर चढायचं नव्हतं, मोरीत पडायचं नव्हतं.

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. हा पाय पहिल्यापेक्षा जड लागतो, संध्याकाळी तर फारच. सॉकेटमध्ये घाम साचतो. आमच्या माणदेशातल्या उन्हाळ्यात दुपारी मोजा काढून पिळावा लागतो, स्टंप पुसून कोरडा करून मगच परत घालायचा, नाही तर कातडी सोलवटते. दिवसभरात स्टंप बारीक होतो, त्यामुळे सकाळी एक मोजा आणि दुपारनंतर दोन. रबर झिजतं, काही वर्षांत पाऊल बदलावं लागतं. शिवाय ते हाताने बनतं, त्यामुळे बनवणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून. माझा कारागीर मुरलेला होता. दुसरीकडे केलेला आणि न जमलेला असा पायही मी पाहिला आहे. सगळीकडे एकसारखा दर्जा नसणं ही या पायाची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

पण मांडीवरचा पट्टा तुटला तेव्हा बाजारात चपला शिवणाऱ्या काकांनी तो बसल्या बसल्या शिवून दिला. घोट्यापाशी एक स्क्रू सैल झाला, तो भाऊजींनी आवळला. दुरुस्तीसाठी एसटीने शहर गाठावं लागलं नाही. एसटीत माझं तिकीट सवलतीचं असतं, पण तिची पहिली पायरी केवढी उंच असते, हे सवलत ठरवणाऱ्यांनी एकदा एका पायावर चढून बघावं.

मुलांनी पाय दोन दिवसांत आपलासा केला. एकाने पावलाला गुदगुल्या करून पाहिल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “बाई, ह्यो झोपलाय का?” मी म्हटलं, हो. तेव्हापासून तो सतरंजीवर मुद्दाम त्या बाजूला बसतो आणि कुणी पावलावर पाय दिला तर त्याला रागावतो.

पाय आल्यावर माझी नजर मात्र बदलली, आणि तिचा त्रास इतरांना झाला. आमच्या अंगणवाडीला रॅम्प आहे. कागदोपत्री इमारत अपंगांना सोयीची. त्या रॅम्पवरून मी एकदाही धड चढले नव्हते आणि दोष माझाच धरत होते. जयपूरहून आल्यावर मुलांची उंची मोजायच्या टेपने मोजला. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. आमचा रॅम्प दीड फूट उंचीला पाच फुटांतच संपतो, गुळगुळीत कोबा, कठडा नाही, आणि वर पोचल्यावर दाराचा उंबरा आडवा. व्हीलचेअर तर सोडाच, पावसाळ्यात आमच्या मदतनीसही त्यावरून घसरतात. मी मापं लिहून अर्ज दिला. अर्ज घेणारा म्हणाला, रॅम्प आहे ना? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, मग? कठडा बसला आहे. लांबी पुढच्या निधीत, असं म्हणतात. बांधणारा गवंडी गावातलाच, मी त्याला विचारलं. त्याच्या हातात मिळालेल्या नकाशात नुसती एक तिरपी रेघ होती.

आता आजूबाजूच्या गावांतून मला फोन येतात. पाय कुठला घ्यावा, जयपूरचा चांगला ना? परवा एका बाईने तिच्या नवऱ्यासाठी विचारलं. मी म्हटलं, काम काय करतात? टेम्पो चालवायचे. परत चालवायचा आहे? हो, तेच तर येतं त्यांना. कुठला पाय? डावा, गुडघ्याच्या वरून. म्हणजे क्लचचा. मांडीतून गेलेल्याला गुडघाही कृत्रिम लागतो, ते प्रकरण वेगळं. तो दिवसभर सीटवर बसणार, जमिनीवर कमी, बूट घालणार. तिला सांगितलं, माझं बघून ठरवू नका. पुण्या-मुंबईत सुटे भाग जोडून बनवलेले पाय मिळतात ते आधी बघा, जयपूरचाही बघा, दोन्ही घालून चालून बघू द्या म्हणा. आणि माप द्यायला जाताना टेम्पोच्या सीटची जमिनीपासूनची उंची, सीटपासून क्लचचं अंतर आणि क्लच किती आत दाबावा लागतो, हे टेपने मोजून कागदावर लिहून न्या. तिथे विचारलं नाही तरी सांगा. पाय तयार झाला की टेम्पो तिथेच दारात उभा करून बसून बघायचं, त्याआधी पैसे पूर्ण द्यायचे नाहीत.